चुकीचं छापलंय, खोटं नाही

बाई,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. संघटनेने तुमच्यावर श्रद्धांजलीचं पत्रक काढायचं ठरवलं आणि लिहायचं काम सवयीने माझ्याकडे आलं. मी बसले. 'आधारवड' लिहिलं, 'झुंजार' लिहिलं, 'कधीही भरून न येणारी पोकळी' लिहिलं आणि कागद फाडून टाकला. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "श्रद्धांजलीत एकच क्रियापद असतं गं, 'होत्या'. अशा होत्या, तशा होत्या. काय केलं ते कुणी सांगत नाही."

म्हणून ते पत्रक दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. मी हे तुम्हालाच लिहिते आहे आणि संघटनेच्या अंकात छापायला देते आहे. आपलं भांडण चारचौघांत झालं होतं, छापील कागदावर झालं होतं. त्याचा उरलेला भाग मी खासगीत उरकला तर ते बरोबर दिसणार नाही.

ज्यांना आपण दोघी माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझे वडील शिरपूरकडचे. सिल्वासाला धाग्याच्या कंपनीत आले आणि सामरवरणीच्या चाळीत एका खोलीत आम्ही राहिलो. आईला सरकारी मराठी शाळेत दुपारची खिचडी शिजवायचं काम मिळालं. त्याच शाळेत तुम्ही शिकवत होतात आणि कंत्राटी शिक्षकांच्या संघटनेच्या सरचिटणीस होतात. तुम्ही स्वतः कायम होतात. ज्यांना दर उन्हाळ्यात घरी बसवून जूनमध्ये पुन्हा नव्याने घेत, त्यांच्यासाठी भांडत होतात.

आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. सभा झाली की उरलेला गठ्ठा तुम्ही आईच्या पिशवीत घालायचात. "पोरीला पाठकोरे कागद होतील," म्हणायचात. मी त्या पाठकोऱ्या बाजूवर पाढे लिहिले, शुद्धलेखन लिहिलं, भारताचा नकाशा काढला. एका बाजूला सतराचा पाढा, दुसऱ्या बाजूला 'समान कामाला समान वेतन'. बरीच वर्षं मला वाटायचं की सगळ्यांच्याच वह्यांच्या मागे मागण्या छापलेल्या असतात.

पाचवीत तुम्ही माझा गृहपाठ तपासताना विचारलंत, "मागची बाजू वाचलीस का?"

मी विचारलं, "मागची कोणती? पाढ्याची का मागण्यांची?"

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तोफ आहे ही." झालं. त्या दिवसापासून मी तोफ. वर्गात तोफ, सभेत तोफ, दवाखान्यात शेवटच्या वेळी भेटले तेव्हाही तोफच.

तुमच्याबरोबर मी शिक्षण खात्याच्या कचेरीत पहिल्यांदा आले ती अकरावीत असताना. शाळेत विज्ञानाला शिक्षक नव्हता, दोन इयत्ता एका खोलीत बसत होत्या, प्रयोगशाळेच्या कपाटात खडू आणि झाडू. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, फंड का प्रोव्हिजन नहीं है." तुमची हिंदी म्हणजे मराठीला 'है' जोडलेली. तुम्ही म्हणालात, "साहब, प्रोव्हिजन क्या पाऊस है? ऊपर से पडेगा? प्रोव्हिजन माणूस करता है. वो माणूस का नाव बोलो, हम उसके पास जायेंगे."

साहेबांना हसू आलं आणि ते त्यांना लपवता आलं नाही. नाव त्यांनी सांगितलं नाही. पण वरच्या कचेरीचं दार कोणतं आणि तिथे अर्ज कुठल्या नमुन्यात द्यायचा, ते सांगितलं. बाहेर पडताना तुम्ही मला म्हणालात, "'नाही' म्हणणाऱ्याशी डोकं फोडायचं नाही. 'नाही' ठरवतो कोण, ते शोधायचं." वर्षभराने विज्ञानाला शिक्षक आला. कंत्राटीच आला, पण आला. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गाने पहिल्यांदा लिटमस कागद निळ्याचा लाल होताना बघितला. बाई, या एका गोष्टीसाठी मी तुमचे आभार कधी मानले नव्हते. तेव्हा मला वाटायचं, एक शिक्षक म्हणजे काय, तुकडा टाकला. तो तुकडाच होता. भाऊ आज दादऱ्याच्या एका कारखान्यात रसायनांच्या तपासणीला आहे.

मग ते पत्रक, बाई. ती हकीकत लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी बारावीत होते. आम्ही घरात अहिराणी बोलतो, वर्गात मराठी, दुकानात गुजराती आणि बाकी सगळीकडे हिंदी. कुठला शब्द कुठल्या भाषेचा, हे आम्हाला कुणी वेगळं करून दिलेलं नाही. शहरभर पाट्यांवर 'शिक्षा' लिहिलेलं मी जन्मापासून बघत होते. तुम्ही नाशिकला लग्नाला गेला होतात आणि मोर्च्याचं पत्रक घाईने काढायचं होतं. हिंदी मजकूर तयार होता, 'शिक्षा पर खर्च बढ़ाओ'. मराठी बाजू मी लिहिली, आणि प्रेसवाल्या जिग्नेशभाईंनी मोठ्या ठळक अक्षरांत छापली:

'शिक्षेवरचा खर्च वाढवा!'

अर्धी पत्रकं वाटून झाली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग शाळेच्या फाटकावर नंदुरबारकडची एक आई थांबली. पत्रक दोनदा वाचून म्हणाली, "का व माय, आजून कितली शिक्षा वाढवतस? मना पोऱ्याले रोज बाकावर उभा करतस, तितली पुरत नही का?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी परत आलात. मी उरलेला गठ्ठा जाळायला काढला होता. तुम्ही एक पत्रक उचललंत, वाचलंत, आणि इतक्या हसलात की शेवटी खुर्चीत बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणालात, "जाळायचं नाही. कागद फुकट येत नाही."

आणि मोर्च्यात तुम्ही तेच पत्रक हातात धरून बोललात. "आमच्या पोरीने 'शिक्षण'च्या जागी 'शिक्षा' छापलंय. माझ्या वर्गात एका खोलीत दोन इयत्ता बसतात. माझ्या शेजारचे मास्तर दर मेमध्ये बेकार होतात आणि दर जूनमध्ये हात जोडून परत येतात. ही शिक्षा नाही तर काय? हे चुकीचं छापलंय, पण खोटं नाही छापलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी राहून रडत होते आणि हसत होते. माणसाची चूक त्याच्या अंगावर न फेकता त्याच्या हातात कशी द्यायची, हे मी त्या दिवशी बघितलं. अर्थात मोर्चा संपल्यावर तुम्ही मला कोपऱ्यात घेऊन जे झाडलंत, ते लोकांनी ऐकलं नाही. आणि जिग्नेशभाईंना ताकीद दिलीत, यापुढे संघटनेचा मराठी मजकूर तुमच्या स्वतःच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचा नाही. "हो बेन, पक्कं," ते म्हणाले. त्यांनी शब्द पाळला. किती पाळला, ते पुढे येईलच.

दुधनीची सकाळ मला अजून आठवते. कंत्राटी शिक्षकांच्या सह्या गोळा करायला आपण दोघी तिकडे गेलो होतो. धरणाच्या पाण्याजवळची दोन खोल्यांची शाळा, चार इयत्ता, एकच तरुण शिक्षिका. तिने निवेदन वाचलं आणि परत दिलं. "माझी ऑर्डर जूनमध्ये निघते, बाई. माझं नाव दिसलं तर..."

मी तोफच. मी सुरू केलं, की ताई, आपण घाबरलो म्हणूनच तर हे चाललंय. तुम्ही माझा हात दाबलात. जोरात. मग त्या मुलीला विचारलंत, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

तिने मान हलवली.

"जा, डबा खा. तोवर मी बघते यांना."

आणि तुम्ही चारही इयत्तांना एकत्र बसवून अपूर्णांक शिकवलात. फळा नव्हता वापरायचा तुम्हाला. एका मुलीला उठवलंत आणि विचारलंत, तुझ्या बाबाने जाळ्यात बारा मासे आणले, शेजारच्या काकाला पाव हिस्सा दिला, तर घरी किती? ती पटकन म्हणाली, "काका पाव घेत नाय. काका अर्धं घेतो." सगळा वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, "मग काकाची पण संघटना करायला पाहिजे."

ती शिक्षिका डबा खाऊन आली, दारात उभी राहून ऐकत राहिली. सही तिने तेव्हाही केली नाही. परतीच्या वाटेवर मी चिडून म्हटलं, "एवढ्या लांब येऊन काय मिळालं?" तुम्ही म्हणालात, "तिला जेवायला मिळालं." पुढच्या वर्षी तिचीच सही पहिली होती. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या परतीच्या वाटेवर मी तुम्हाला 'नेभळट' म्हटलं होतं. ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात.

सगळं गोड लिहायला मी बसलेली नाही. तुम्ही हट्टी होतात. माईक एकदा हातात आला की तो तुमच्याकडून काढून घ्यायला चार माणसं लागायची. दुसऱ्याचं भाषण चालू असताना तुम्ही पहिल्या रांगेत बसून त्याचे व्याकरणाचे दोष पुटपुटायचात. आणि तुम्ही गोष्टी स्वतःजवळ ठेवायचात. कुणाला किती सांगायचं, कधी सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवायचात. हा दोष होता, बाई. मी आजही तो दोषच म्हणते, आणि हे सगळं त्याच दोषापाशी येऊन थांबणार आहे.

तीन वर्षांपूर्वी करार झाला. कंत्राटी शिक्षकांना सलग बारा महिन्यांची नेमणूक, वेतनश्रेणी, उन्हाळ्यात घरी बसवणं बंद. इतक्या वर्षांच्या भांडणाचं फळ. पण आपल्या मागण्यांत दुसरं कलमही होतं. शाळेत शिजवणाऱ्या बायांना कर्मचारी म्हणा. त्यांना 'स्वयंसेविका' म्हणून मानधन देतात, ते बंद करा आणि पगार द्या. करारात त्या कलमापुढे एकच शब्द होता. 'यथावकाश.'

आणि खाली तुमची सही.

मी तो कागद वाचला तेव्हा आई चुलीपाशी नव्हती, कामावर होती. मी सरळ शाळेत गेले. भलं मोठं पातेलं दोघी बाया फडक्याने धरून उतरवत होत्या, त्यातली एक माझी आई. वीस वर्षं ती हे करते आहे. तिच्या मनगटावर वाफेचे डाग आहेत, आणि सरकारी कागदावर ती हौसेने मदत करायला येणारी बाई आहे. तिच्याशी न बोलता मी तशीच परत फिरले. घरी येऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'यथावकाश म्हणजे कधीच नाही.' आत एक वाक्य होतं: 'बाईंनी शिक्षकांच्या पोळीवर तूप ओढलं आणि पोळी लाटणारीला विसरल्या.'

मजकूर मी जिग्नेशभाईंकडे दिला. सांगितलं, कुणाला दाखवू नका, लगेच लावा.

दुसऱ्या दिवशी प्रूफ माझ्या हातात आलं ते लाल शाईने भरलेलं.

मी ओरडले, "हे कुणाला दाखवलंत?"

जिग्नेशभाई गोंधळून गेले. "अरे, मराठी मॅटर छे ने? मराठी तो हमेशा बेन ही तपासते. तूने बोला कोई को दिखाना नहीं, बराबर. पर बेन कोई थोडी है? बेन तो बेन है."

तुमच्याविरुद्धचं पत्रक तुम्हीच तपासलं होतं. तीन ऱ्हस्व-दीर्घ, एक विसरलेला अनुस्वार. 'विश्वासघात' मी दोनदा लिहिला होता, दुसरा तुम्ही खोडला होतात. समासात लिहिलं होतं, 'एकदा पुरे. दुसऱ्यांदा लिहिलं की पहिल्याची धार जाते.' आणि तुपाच्या वाक्याशेजारी लिहिलं होतं, 'वाक्य चांगलं आहे. फक्त 'बाईंनी' काढ आणि माझं पूर्ण नाव घाल. नाव न घेता आरोप करू नये.'

मी तुमचं पूर्ण नाव घातलं. आणि तुम्ही सुधारलेला प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ मी तसाच ठेवला. पत्रक शहरभर गेलं. शिक्षक मंडळी माझ्यावर तुटून पडली, "जिने घडवलं तिलाच चावलीस." तुम्ही मात्र पुढच्या सभेत मला बघून म्हणालात, "तोफ, खिडकी उघड जरा, गुदमरतंय." जणू काही झालंच नाही.

मला ते जास्त लागलं. वर्षभर मी तुमच्या घराची पायरी चढले नाही. तुम्ही त्या वर्षात दर महिन्याला आईला आणि बाकीच्या बायांना घेऊन कचेरीत जात राहिलात. मी म्हणायचे, मन खातंय तिला, म्हणून जाते. पुढे मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. आपण दोघी एकाच बाकावर बसून साहेबांची वाट बघत होतो, एकाच डब्यातलं खात होतो, आणि ते पत्रक आपल्या दोघींच्या मध्ये बसलेलं असायचं.

दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "अजून रागावली आहेस?"

मी म्हटलं, "हो."

"बरं आहे. फार लोकांना राग टिकवता येत नाही." मग म्हणालात, "मी चुकले असं वाटतं तुला?"

मी पुन्हा हो म्हटलं. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं आता काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "आईला सांग, इथल्या खिचडीत मीठ नाही. थोडी पाठव." आईने पाठवली. ती तुम्ही खाल्लीत की नाही, मला कळलं नाही.

तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी तुमच्या घरच्यांनी संघटनेच्या फायली आमच्याकडे दिल्या. स्वयंपाकी बायांची फाईल मी उघडली. अगदी वर माझं पत्रक होतं. त्यावर कचेरीचा आवक शिक्का होता आणि तारीख होती. पत्रक प्रेसमधून बाहेर पडलं, त्याच दिवसाची. त्याला टाचलेलं पत्र तुमच्या हातचं होतं. 'सोबतचे पत्रक पाहावे. स्वयंपाकी कर्मचाऱ्यांना सदर करार मान्य नाही. त्यांची मागणी कायम आहे. याची नोंद व्हावी.' खाली सही, सरचिटणीस म्हणून.

करारावर तुमची सही. करार अमान्य असल्याच्या पत्रावरही तुमचीच सही. मला काही समजेना. आई तांदूळ निवडत होती. मी कागद तिच्यासमोर धरला आणि वाचून दाखवला.

तिने सूप खाली ठेवलं नाही. "हां. दिला होता तिनं. माले माहीत शे."

"काय माहीत आहे तुला?"

"सही करायच्या आदल्या दिवशी आली होती ती खिचडीच्या खोलीत. आमी साती जणी होतो. पालथ्या घमेल्यावर बसली अन् सांगितलं, साहेब म्हणतो आता मास्तरांचं घ्या, नाहीतर दोघांचं बी जाईल. तुम्ही नाही म्हटलं तर मी सही करत नाही. बोला."

"मग?"

"मंग काय. आमी बोललो आपसात. मीच सांगितलं तिले, कर सही. मास्तर लोक आत गेले म्हणजे दार तरी उघडं राहीन. पण आमी हो म्हटलं, हे कोनाले सांगू नको. आमी राजीखुशी मागे राहिलो असं साहेबाले कळलं, तर तो म्हनेल, यायले काही नकोच होतं. आमी चिडेल दिसाले पाहिजे."

"आणि मला का नाही सांगितलं?"

आईने एक खडा काढून बाजूला टाकला. "तुले सांगितलं असतं, तर तू तितली चिडली असती का?"

बाई, मी उठून बाहेर गेले. चाळीच्या नळापाशी उभी राहिले. मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असता तर मी नेभळटच्या पलीकडचं काहीतरी बोलले असते. तुम्ही मला वापरलंत. तुम्हा सगळ्यांना खरा राग हवा होता, कचेरीत शिक्का मारून ठेवायला, आणि तो माझ्याकडे होता. तुम्ही त्याचं शुद्धलेखन तपासलंत, धार लावलीत, स्वतःचं नाव घालायला लावलंत आणि स्वतःच नेऊन दाखल केलात. तीन वर्षं लोक तुम्हाला माझ्या शब्दांनी बोलत राहिले आणि तुम्ही 'तोफ, खिडकी उघड' म्हणत राहिलात.

मी माझं म्हणणं सोडत नाही. आपल्याच माणसांपासून निर्णय लपवून ठेवणारी संघटना बरोबर नाही. आज चांगल्या कारणासाठी लपवलं, उद्या कारण बदलेल आणि सवय राहील. सात बायांनी घेतलेला एवढा शहाणा निर्णय कुणाला कळलाच नाही, याचंही मला वाईट वाटतं. लोकांना वाटलं बाईंनी विकलं आणि बाया विकल्या गेल्या. प्रत्यक्षात त्यांनी ठरवलं होतं. माझ्या आईने ठरवलं होतं! आणि तिच्या वतीने मी इतकी चिडले, पण तिला एकदाही विचारलं नाही की आई, तुझं काय म्हणणं आहे. हा दोष तुमचा नाही, माझा आहे. तुम्ही घमेल्यावर बसून विचारलंत. मी दारातून तिचं मनगट बघितलं आणि लिहायला पळाले.

माझं ते पत्रकही चुकीचं छापलेलं होतं तर. पण खोटं नव्हतं. त्या 'यथावकाश'ला आता तीन वर्षं झाली आहेत.

दवाखान्यात तुम्ही मला सांगू शकत होतात. दोन वाक्यांत झालं असतं आणि मी तुमची माफी मागितली असती. तुम्ही मीठ मागितलंत. आता मला कळतं, मागणी मंजूर झालेली नव्हती आणि माझा राग अजून लागणार होता. मरतानासुद्धा तुम्ही तो खर्च केला नाहीत. याला काय म्हणावं मला माहीत नाही. कृतज्ञता हा शब्द मी पत्रकांत इतक्या वेळा वापरलाय की तो आता पाठकोरा झालाय. तरी तोच लिहिते. तुमच्यामुळे मला वाचता आलं, तुमच्यामुळे भांडता आलं, आणि ज्या बाईच्या हाताखाली मी शिकले तिच्याशीही भांडता आलं. असं भांडू देणारी माणसं फार थोडी असतात.

परवा, मंगळवारी, कचेरीत बैठक होती. तुमच्याशिवाय पहिली. सातही जणी आल्या होत्या. नवे साहेब आहेत, कराराची तेवढी फाईल त्यांनी वाचली होती. म्हणाले, "देखिए, आपकी मॅडम ने खुद साइन किया था. रसोईवाली बहनों को कोई आपत्ति थी ही नहीं. वो चॅप्टर तभी क्लोज हो गया."

मी शिक्का मारलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. मराठी त्यांना येत होती, थोडी. त्यांनी तुमचं पत्र वाचलं, मग माझं पत्रक वाचलं, तुमच्या पूर्ण नावापाशी थबकले आणि पुन्हा पत्राखालची सही बघितली. कारकुनाला बोलावून कचेरीची प्रत काढायला सांगितली. ती निघाली. साहेबांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. मग म्हणाले, "मतलब, विषय चालू है." मागणी मंजूर झाली नाही, बाई. वरच्या कचेरीत सुनावणी लागली आहे, पुढच्या महिन्यात. पण आता त्या सुनावणीत या बाया स्वतः पक्षकार आहेत. हा अंक सुनावणी झाल्यावरच निघणार आहे, आणि हे सगळं छापू का, ते या वेळी मी सातही जणींना आधी विचारलं आहे.

बैठकीचा हजेरीचा कागद फिरला. नाव, पद, सही. शिक्षकांच्या बैठकीसाठी छापलेला तोच नमुना होता. माझ्या आईने नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. कारकून मदतीला वाकला, "उसमें स्वयंसेविका लिख दो, मौसी."

मी तोंड उघडणार होते. आईने माझ्याकडे बघितलंही नाही. पेन घट्ट धरून, एकेक अक्षर उभं करत तिने लिहिलं, 'कर्मचारी'. मग कागद शेजारणीकडे सरकवला. शेजारणीने वरची ओळ बघितली आणि खाली तेच लिहिलं. तिच्या खालच्या बाईला लिहिता येत नव्हतं. तिने अंगठा लावला आणि कारकुनाला म्हणाली, "माझ्या नावापुढं पण तेच लिव. वर हाय ते."

कारकुनाने साहेबांकडे बघितलं. साहेब फाईलवर तारीख टाकत होते. त्याने लिहिलं.